घंटा नऊची

(शाळेची वेळ बदलली की केवळ शाळेचे वेळापत्रक बदलत नाही, घरातील प्रत्येकाचा दिवस बदलतो. महाराष्ट्रात २०२४ मध्ये लहान मुलांच्या शाळेची वेळ बदलण्याचा निर्णय झाला. तो का घेतला गेला, त्याने कोणाची सोय झाली आणि कोणासमोर अडचण उभी राहिली, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.)

प्रत्येक घरात भिंतीवर एक घड्याळ असते. पण ज्या घरात शाळेत जाणारे मूल आहे, त्या घराचे खरे घड्याळ म्हणजे शाळेची घंटा. शाळा सकाळी सातला भरत असेल, तर त्या घरात साडेपाचला चूल पेटते. शाळा दुपारी साडेबाराला भरत असेल, तर सकाळी डब्याची घाई नसते. पण संध्याकाळी मूल घरी यायला उशीर होतो. आईचा स्वयंपाक, वडिलांची कामावर जाण्याची वेळ, आजीची दुपारची विश्रांती, रिक्षावाल्याच्या फेऱ्या हे सारे त्या एका घंटेला बांधलेले असते.

शाळेची वेळ बदलणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. विदर्भात आणि मराठवाड्यात उन्हाळा कडक असतो. तेथे मार्च महिना सरत आला की सकाळची शाळा सुरू होते. अनेक उर्दू शाळांची वेळ रमजानच्या महिन्यात बदलते, हे तर तुम्ही जाणताच. सेहरीनंतर मुले लवकर शाळेत येतात आणि ऊन वाढण्यापूर्वी घरी परततात. पण हे बदल काही आठवड्यांपुरते असतात. घरातील माणसे तेवढे दिवस कशीबशी निभावून नेतात. वेळ कायमची बदलायची असेल, तर मात्र निभावून नेणे पुरत नाही. घराची घडी नव्याने बसवावी लागते.

मुळात शाळा सकाळी सातला का भरतात? यामागे मोठे कारण जागेचे आहे. मुंबईसारख्या शहरात जागा थोडी आणि मुले पुष्कळ. म्हणून एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात. सकाळच्या सत्राची मुले दुपारी बाहेर पडतात आणि त्याच बाकांवर दुपारच्या सत्राची मुले येऊन बसतात. दोन्ही सत्रे एका दिवसात बसवायची, तर पहिले सत्र लवकर सुरू करावेच लागते. म्हणजे सातची वेळ मुलांच्या प्रकृतीकडे पाहून ठरलेली नाही. ती खोल्यांची संख्या पाहून ठरलेली आहे.

आता मुलांच्या झोपेचा हिशेब पाहू. अमेरिकेतील झोपेचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये मुलांनी किती झोपावे, हे सांगितले. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी. आपल्याकडील एखादे छोटे घर डोळ्यांसमोर आणा. वडील कामावरून रात्री नऊला येतात. ईशाची नमाज होते, मग जेवणे होतात. एकच खोली असते. दिवा चालू असतो, दूरदर्शन संच चालू असतो, हल्ली मोबाइलही चालू असतो. मूल झोपते तेव्हा अकरा वाजलेले असतात. सातच्या शाळेसाठी त्याला सहाला उठवले, तर झोप झाली सात तासांची. कमीत कमी नऊ तास हवे होते; दोन तास रोज कमी पडले. हे मूल पहिल्या तासाला पेंगते, त्यात नवल नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी ही गोष्ट जाहीरपणे मांडली. मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून शाळेच्या वेळेत बदल करण्याचा विचार व्हावा, असे त्यांनी सुचवले. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने निर्णय काढला. पूर्व प्राथमिक ते इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असे त्यात सांगितले होते. हा निर्णय सर्व माध्यमांच्या शाळांसाठी होता. मुलांची अपुरी झोप हे एक कारण होतेच. त्याशिवाय थंडी-पावसात पहाटे बाहेर पडणे, डबा करून मुलाला वेळेवर पोहोचवताना पालकांची होणारी ओढाताण, धुक्यात आणि पावसात गाड्यांना येणाऱ्या अडचणी यांचाही विचार त्यात केला होता. ज्या शाळेला वेळ बदलणे शक्यच नसेल, तिची अडचण पाहून शिक्षण अधिकाऱ्यांनी निर्णय घ्यावा, अशीही सोय ठेवली होती.

शाळा उशिरा भरली म्हणून ती लवकर सोडता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षात २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झाले पाहिजे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास शिकवणे आले. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास ठरलेले आहेत. म्हणून शाळेचा दिवस लहान होत नाही, तो फक्त पुढे सरकतो. सकाळी जो वेळ मिळाला, तो दुपारी द्यावा लागतो.

येथेच घराचा प्रश्न सुरू होतो. मूल शाळेत असते तेव्हा त्याची काळजी शिक्षक घेतात. उरलेल्या वेळात ती घरच्यांनी घ्यायची असते. शाळेचे तास तेवढेच राहिले, तर घरच्यांनी सांभाळण्याचे तासही तेवढेच राहतात. पण ते तास दिवसाच्या कोणत्या भागात येतात आणि त्या वेळी घरात कोण असते, यावर सोय-गैरसोय अवलंबून असते. तीन घरांची उदाहरणे घेऊ.

पहिले घर भिवंडी किंवा मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावातले आहे. तेथे अनेक ठिकाणी माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. या घरातले अब्बू रात्रपाळी करून सकाळी आठच्या सुमारास घरी येतात. शाळा सातची होती तेव्हा ते येण्यापूर्वीच मूल गेलेले असे. ते दुपारी परत येई, तेव्हा अब्बू झोपलेले असत. शाळा नऊची झाल्यावर ते मुलाला स्वतः शाळेत सोडू लागतात. बाप-लेकाला रस्त्यात बोलायला पंधरा मिनिटे मिळतात. या घराला नऊची घंटा लाभली.

दुसऱ्या घरातली आई रुग्णालयात काम करते. तिची पाळी सकाळी आठ ते दुपारी चार. वडील सातलाच मालवाहू गाडी घेऊन निघतात. शाळा सातची होती तेव्हा आई मुलाला शाळेत सोडून तशीच पुढे कामावर जाई. दुपारी शाळा सुटल्यावर शेजारच्या खाला त्याला चार वाजेपर्यंत सांभाळत. आता आईला सव्वासातलाच निघावे लागते आणि मूल नऊला शाळेत जाते. मधले पावणेदोन तास त्याला कोणी सांभाळायचे? खालांना सकाळी स्वतःच्या घरचे काम असते. दुपारची अडचण थोडी कमी झाली, पण सकाळी नवी अडचण उभी राहिली.

तिसऱ्या घरातली आई घरीच असते. ती कापडावर खडे आणि जरी लावण्याचे काम करते. तिला नगावर पैसे मिळतात. लोक म्हणतात, "ती तर घरीच असते, तिला काय अडचण?" पण सकाळी मुले गेल्यावर सात ते नऊ हे दोन तास तिच्या हक्काचे होते. तेव्हा उजेड चांगला असे, घर शांत असे, हात भरभर चाले. आता त्या वेळी लहान मूल घरात असते. त्याला खाऊ घालणे, अंघोळ घालणे, त्याच्यामागे धावणे यात ते तास जातात. घरात असलेली बाई रिकामी असते, असे समजणे चूक आहे. तिच्या वेळेलाही मोल आहे.

या तीन घरांशिवाय आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ती तुमच्या वयाच्या मुलामुलींची आहे. हा निर्णय चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी होता. अनेक ठिकाणी पाचवीच्या पुढचे वर्ग सकाळी सातलाच भरत राहिले. पूर्वी मोठी बहीण धाकट्या भावाचा हात धरून त्याला शाळेत नेत असे. आता तिची शाळा सातची आणि त्याची नऊची. मग कोठे कोठे असे संभाषण ऐकू येते :

"बेटा, आज तू थांब. छोट्याला नऊला सोड आणि मग तुझ्या शाळेत जा."

"अम्मी, माझी शाळा सातला भरते. नऊला गेले तर तीन तासिका बुडतील."

"मग आजचा दिवस राहू दे. उद्या मी काहीतरी बघते."

अम्मीचा यात दोष नाही. तिलाही कामावर वेळेवर जायचे असते. एक दिवस खाडा झाला तर पगार कापला जातो. पण आजचा एक दिवस आठवड्यातले दोन दिवस होतात. गणिताचा एक धडा चुकतो, मग पुढचा समजत नाही. हजेरी कमी होते. पुष्कळदा घरी थांबायला मुलीला सांगितले जाते, मुलाला नाही. लहान भावाला दोन तास जास्त झोप मिळावी म्हणून मोठ्या बहिणीचे शिक्षण मागे पडणार असेल, तर तो सौदा महाग पडला असे म्हणावे लागेल.

घराबाहेरही या बदलाचे परिणाम दिसतात. पुष्कळ मुले शाळा सुटल्यावर दुपारी मक्तबमध्ये कुरआन शरीफ शिकायला जातात. शाळा उशिरा सुटली की मक्तबची वेळ बदलावी लागते. मौलवी साहेबांना आपल्या तुकड्या नव्याने पाडाव्या लागतात. एक रिक्षा किंवा एक बस सकाळी दोन फेऱ्या करते. पहिली फेरी एका शाळेची, दुसरी दुसऱ्या शाळेची. सर्वांची घंटा एकाच वेळी झाली, तर एका गाडीच्या जागी दोन गाड्या लागतात आणि भाडे वाढते. शिवाय नऊ वाजता रस्त्यावर कचेऱ्यांत जाणाऱ्यांची गर्दी असते. मुंबईत शाळेच्या बस चालवणाऱ्यांनी ही अडचण बोलून दाखवली होती. दोन सत्रांच्या शाळेत तर पहिले सत्र पुढे सरकले की दुसरेही सरकते. पहिले सत्र नऊ ते दीड झाले, तर दुसरे पावणेदोन ते सव्वासहा होते. डिसेंबरमध्ये मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मग दुपारच्या सत्रातील मुलींना अंधारात घरी यावे लागते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील सिएटल शहराने २०१६ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळांची वेळ सकाळी ७:५० वरून ८:४५ केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की मुलांची रोजची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढली. वयात येणाऱ्या मुलांना रात्री झोप उशिरा येते. हा केवळ आळस नसून शरीराचा धर्म आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये कायदा केला आणि २०२२ पासून मोठ्या मुलांच्या बहुतेक सरकारी शाळा साडेआठच्या आधी भरू नयेत, असे ठरवले.

बॉस्टन शहराचा अनुभव मात्र वेगळा आहे. तेथे डिसेंबर २०१७ मध्ये शाळांच्या नव्या वेळा जाहीर झाल्या. मोठ्या मुलांना उशिरा बोलवायचे, तर त्याच बसमधून लहान मुलांना आधी आणावे लागत होते. त्यामुळे अनेक प्राथमिक शाळा सव्वासात-साडेसातला भरून दुपारी लवकर सुटणार होत्या. बसच्या फेऱ्या संगणकाने अतिशय नीट बसवल्या होत्या. पैशांचीही बचत होणार होती. पण मूल दुपारी घरी आल्यावर त्याला कोण सांभाळणार, याचे उत्तर संगणकाजवळ नव्हते. नोकरी करणारे आईवडील संतापले, सभांमध्ये त्यांनी प्रश्न विचारले आणि त्याच महिन्यात ती योजना मागे घ्यावी लागली.

बॉस्टनमध्ये लहानांची शाळा लवकर होणार होती, आपल्याकडे ती उशिरा झाली. दिशा उलट, पण अडचण एकच. शाळेची वेळ आणि घरच्यांच्या कामाची वेळ जुळली नाही, की मधल्या तासांत मूल कोणाजवळ राहील हा प्रश्न उरतो. पाळणाघरांनीही तो पूर्णपणे सुटत नाही. २०१७ मध्ये कायद्यात बदल होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. केंद्र शासनाची पाळणा योजनाही आहे, पण ती सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. सात-आठ वर्षांचे मूल पाळणाघराला मोठे असते आणि घरी एकटे राहायला लहान असते.

मग उपाय काय? जुनी वेळच बरी होती, असे म्हणून चालणार नाही. कारण मुलांना झोप हवी, ही गोष्ट खरी आहे. नवी वेळ सर्वांना बरी आहे, असे म्हणूनही चालणार नाही. वेळ बदलताना तिच्यासोबत आणखी काही गोष्टी बदलल्या पाहिजेत. वर्ग नऊला भरले, तरी शाळेचे दार आठला उघडता येईल. ज्या मुलांच्या घरी कोणी नसते, ती मुले तेथे देखरेखीखाली वाचत, खेळत बसतील. त्यासाठी माणूस नेमावा लागेल आणि त्याला मोबदलाही द्यावा लागेल. हे काम शिक्षकांवर फुकट लादता येणार नाही. एकाच मोहल्ल्यातील चार-पाच कुटुंबे पाळी ठरवू शकतील : सोमवारी एकाचे अब्बू सर्व मुलांना सोडतील, मंगळवारी दुसऱ्याची अम्मी. कामाच्या ठिकाणी मालकाने अर्ध्या तासाची सवलत दिली, तरी कितीतरी घरांची अडचण दूर होईल. मुलाला सांभाळणे हे एकट्या आईचे किंवा मोठ्या बहिणीचे काम नाही. वडील, मोठा भाऊ, शेजारी, शाळा आणि मालक यांचाही त्यात वाटा आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आधी विचारणे. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. काही शाळांत ही समिती केवळ सल्ला देते. पण सल्ला देण्यासाठीही घरची परिस्थिती सांगावी लागतेच. पालक सभेत "मंजूर आहे" म्हणून हात वर करण्यापेक्षा, "माझ्या घरी सात ते नऊ कोणी नसते" हे एक वाक्य बोलणे अधिक उपयोगाचे आहे. ज्या अम्मीला सभेला येता येत नाही, तिचे म्हणणे चिठ्ठीवर लिहून पाठवता येते. ती चिठ्ठी मराठीत लिहिण्याचे काम तुम्ही करू शकता.

शाळेची घंटा एका हाताने वाजवली जाते, पण ती शेकडो घरांत ऐकू जाते. ती वाजवण्याची वेळ ठरवताना त्या सर्व घरांचा विचार व्हावा. लहान मुलाची झोप पूर्ण व्हावी, आईचे काम टिकावे आणि मोठ्या बहिणीची एकही तासिका बुडू नये, अशी वेळ आणि अशी व्यवस्था शोधणे कठीण आहे. पण अशक्य नाही.

शब्दार्थ

ओढाताण – धावपळ, त्रास
निभावून नेणे – कसेतरी पार पाडणे
घडी बसवणे – नीट व्यवस्था लावणे
पेंगणे – बसल्या बसल्या डुलकी घेणे
पाळी – कामाची ठरलेली वेळ; क्रमाने येणारी वेळ
खाडा – कामावरील गैरहजेरी
मोबदला – कामाबद्दल मिळणारे पैसे
तरतूद – आधी केलेली सोय
बंधनकारक – पाळावेच लागेल असे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शहरांत एका इमारतीत दोन सत्रे का भरतात?
(आ) ८ फेब्रुवारी २०२४ चा निर्णय कोणत्या वर्गांसाठी होता?
(इ) बॉस्टन शहराला आपली योजना का मागे घ्यावी लागली?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शाळा नऊची झाल्यावर यंत्रमाग कामगाराच्या घराला कोणता लाभ झाला?
(आ) "घरात असलेली बाई रिकामी असते, असे समजणे चूक आहे." हे विधान स्पष्ट करा.
(इ) शाळेच्या वेळेतील बदलामुळे मोठ्या बहिणीचे नुकसान कसे होऊ शकते?

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
निभावून नेणे, घडी बसवणे, मागे पडणे

प्र. ४. पुढील शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. दोन्ही भाषांत त्यांचा अर्थ एकच आहे की वेगळा, ते वर्गात सांगा.
दप्तर, तक्रार, हजेरी, इमारत, फुरसत

उपक्रम : आपल्या घरातील प्रत्येक माणूस सकाळी सहा ते दुपारी दोन या वेळेत कोठे असतो, याचा तक्ता तयार करा. कोणत्या वेळी लहान मुलाजवळ कोणीच नसते, ते पाहा. त्यावर एक उपाय सुचवणारे पत्र मुख्याध्यापकांना मराठीत लिहा.